लैंगिक प्रतिसाद व त्याचे विकार
अमेरिकेतील सेंट लुइस येथे विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी मानवी लैंगिक प्रतिसाद प्रयोगशाळेत तपासला. १९६६ च्या ग्रंथात त्यांनी उत्तेजना, पठार, कामपूर्ती व शमन असे चार टप्पे मांडले. इच्छा त्यात नव्हती. ही मोठी उणीव पुढे हेलन कॅप्लान यांनी भरून काढली.

विकार कोणत्याही टप्प्यावर उद्भवतो: इच्छा मंदावणे, शीघ्रपतन, संभोगवेदना. तक्रार साधारण सहा महिने टिकली आणि तिचा त्रास होत असेल, तरच निदान करतात.

ताठरता न येणे लपवू नये. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने मधुमेह, रक्तदाब, धूम्रपानाचा मार तिथे आधी जाणवू शकतो. म्हणून रुग्णाची साखर आणि हृदय तपासलेच पाहिजे. १९९८ साली आलेले सिल्डेनाफिल हे औषध रक्तप्रवाह वाढवते, इच्छा नव्हे. हृदयविकारावर नायट्रेट घेणाऱ्यांना ते वर्ज्य आहे. दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो.