चार मात्रांबाहेरचा जॅझ : ‘टाइम आउट’ची कहाणी

१/ सन १९५८. शीतयुद्ध ऐन भरात होते. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आणि त्यांच्या तीन साथीदारांना अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने पोलंड, तुर्कस्तान, भारत, इराण अशा देशांच्या दौऱ्यावर पाठवले. अमेरिकेतील स्वातंत्र्याचे दर्शन जगाला संगीतातून घडवावे, हा त्यामागील हेतू.

२/ इस्तंबूलच्या रस्त्यावर ब्रुबेक यांनी एक वेगळीच लय ऐकली. मात्रा नऊ, परंतु विभागणी ३-३-३ अशी नव्हे, तर २-२-२-३ अशी. अमेरिकी वादकांच्या अंगी ब्लूज जितका मुरलेला, तितकीच ही लय तेथील वादकांच्या अंगी मुरलेली होती.

३/ रूपक आणि झपताल ऐकत वाढलेल्या मराठी कानांना अशा विषम विभागणीचे नवल वाटणार नाही. त्या काळचा जॅझ मात्र बहुतांशी चार मात्रांतच फिरत असे.

४/ फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांचे शिष्य असलेल्या ब्रुबेक यांनी या अनोख्या लयींचा अल्बम करण्याचे ठरवले. कोलंबिया कंपनीतील अधिकारी धास्तावले : सर्व रचना नव्या, नाचायला अवघड आणि मुखपृष्ठावर नील फुजिता यांचे अमूर्त चित्र! अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन पाठीशी उभे राहिले. पण आधी अमेरिकेच्या दक्षिणेकडील लोकप्रिय गीतांचा अल्बम करून देण्याची अट ब्रुबेक यांना पाळावी लागली.

५/ १९५९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ‘टाइम आउट’ ध्वनिमुद्रित झाला. ‘ब्ल्यू रोंदो आ ला तुर्क’मध्ये तुर्की लय, युरोपीय रोंदोचा आकृतिबंध आणि ब्लूज एकत्र आले. पाच मात्रांचे ‘टेक फाइव्ह’ रचले सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड यांनी.

६/ या संचातील बासवादक यूजीन राइट कृष्णवर्णीय होते. १९६०च्या आरंभी दक्षिणेकडील २५ महाविद्यालयांचा दौरा ठरला होता. त्यांपैकी २०हून अधिक महाविद्यालयांना राइट रंगमंचावर नको होते. ज्या दक्षिणेची गीते वाजवून ‘टाइम आउट’ला परवानगी मिळाली, तिचेच दरवाजे आता बंद झाले.

७/ राइट यांच्या जागी गोरा वादक घेतला असता, तर दौरा वाचला असता. ब्रुबेक यांनी नकार दिला, मोठे आर्थिक नुकसान सोसले आणि ते कार्यक्रम सोडून दिले.

८/ पुढे ‘टाइम आउट’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ज्या स्वातंत्र्याचे दूत म्हणून हे चौघे जगभर हिंडले, ते स्वदेशात राइट यांच्या वाट्याला आलेले नव्हते. या अल्बमच्या प्रत्येक रचनेखाली मात्र त्यांच्याच बासचा ठेका आहे.