शिकाऊ उमेदवारीचा इतिहास आणि मुलचेरा

मुलचेरा तालुक्यातून आलेला माझा एक विद्यार्थी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातील इतरांपेक्षा तो तीन-चार वर्षांनी मोठा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून तो जोडारी म्हणून उत्तीर्ण झाला, एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून राबला आणि प्रमाणपत्र हाती पडले त्याच आठवड्यात फाटकाबाहेर आला. त्याच्या जागी त्याच यंत्रावर नवा शिकाऊ उभा राहिला. "सर, नापास झालो असतो तर समजून घेतलं असतं," एवढेच तो म्हणाला. तो आता माझ्याकडे इतिहास शिकतो. त्याच्या या एका वाक्याला उत्तर देणे म्हणूनच मला भाग आहे.

प्रशिक्षण आणि मालकाची गरज यांची सांगड घालण्याचे काम या देशात प्रथम मोठ्या प्रमाणावर झाले ते दुसऱ्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांना कुशल हात हवे होते, म्हणून १९४० साली सरकारने तंत्रप्रशिक्षण योजना काढली. ब्रिटनचे मजूरमंत्री बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेखाली हिंदी तरुण विलायतेला शिकायला गेले. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले आणि ही यंत्रणा त्यांच्या खात्याखाली आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणाचा आग्रह आहे. जातीने व्यवसाय माणसाच्या हातालाच बांधून टाकला आहे, हे त्यांनी १९३६ सालीच मांडले होते. तेव्हा चामड्याच्या किंवा झाडूच्या जागी त्या हातात कानस आणि पाना देणे ही त्यांच्या दृष्टीने केवळ पोटापाण्याची सोय असणे शक्य नव्हते. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. शिक्षण आणि जागा या दोन्ही मागण्या त्यांनी बरोबरीने लावून धरल्या, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

पुढला क्रम थोडक्यात सांगतो. १९४५ साली सैन्यातून सुटलेल्यांसाठी पुनर्वसन व सेवायोजनाचे खाते निघाले. फाळणीनंतर निर्वासितांचे काम त्याच्याकडेच आले. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. १९५६ साली प्रशिक्षण संस्था आणि सेवायोजन कार्यालये यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपवला गेला. म्हणजे कोणत्या गावी कोणता व्यवसाय शिकवायचा आणि कोणत्या कारखान्याशी बोलायचे, हे राज्य सरकार ठरवू लागले. महाराष्ट्रात १९८४ साली त्यासाठी व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षणाचे स्वतंत्र संचालनालय झाले.

पण खरी मेख १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. या कायद्याने कारखानदारावर ठराविक संख्येने शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्यात आल्या. आपल्या माणसांनी ती दुरुस्ती आनंदाने स्वीकारली आणि ते रास्तही होते. मात्र याच कायद्याचे १८ वे कलम म्हणते की शिकाऊ हा कामगार नव्हे. मजुरांचे कायदे त्याला लागू नाहीत. आणि २२ वे कलम म्हणत होते की, करारात तशी अट नसेल तर, प्रशिक्षण पूर्ण झालेल्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. २०१४ साली ही भाषा बदलली. आता प्रत्येक मालकाने शिकाऊंच्या भरतीविषयी आपले धोरण स्वतःच आखायचे आहे. आपल्या न्यायासाठी कायदा मालकानेच लिहावा, यातला विनोद वाचकांना सांगायला नको.

मग ही व्यवस्था सगळीच फसवी होती काय? तसे म्हणणे कृतघ्नपणा होईल. आमच्या वस्तीत पहिले पक्के घर बांधले ते भद्रावतीच्या आयुध निर्माणीत लागलेल्या एका जोडाऱ्याने. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझी परीक्षा फी दोन वेळा त्यानेच भरली. रेल्वेचे कारखाने, कोळसा खाणी, चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, एस.टी.च्या कार्यशाळा येथे आपली शेकडो घरे उभी राहिली. ती का उभी राहिली, हा खरा प्रश्न आहे. तेथे मालक सरकार होते. शिकण्याची जागा राखीव होती आणि शिकून झाल्यावरची जागाही राखीव होती. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या शिकाऊंच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इतर बाबी समान असतील तर थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊला प्राधान्य द्यावे. तेथेही मालक सरकारी महामंडळच होते. खाजगी मालकाच्या फाटकाशी मात्र आरक्षण संपते. तेथे राज्य मालकाला हात तयार करून देते आणि हात कोणाचा हे विसरून जाते.

आता मुलचेऱ्याकडे वळू. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी हा सारा चांद्याचा मुलूख. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला या जंगलांतला बांबू हवा होता, आणि बांबू तोडायला प्रमाणपत्र लागत नाही. पिढ्यान्पिढ्या बांबूवर जगलेला बुरूड आणि माडिया मजूर यांच्या हातचे कसब कोणत्याही व्यवसायाच्या यादीत बसले नाही. बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र चिचपल्लीला निघाले ते २०१४ च्या सुमारास.

साठीच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे या भागात, आदिवासींच्या जंगलात, वसवण्यात आली. त्यांतले बहुसंख्य नमःशूद्र. १९४६ साली मुंबई प्रांतातून वाट बंद झाली तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील अस्पृश्य आमदारांनी बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून पाठवले, हे आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. ज्या समाजाच्या बळावर हे घडले, त्या समाजाचा मुलगा मुलचेऱ्यात आज अनुसूचित जातीचा नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. बंगालच्या यादीत नमःशूद्र आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. माझा हा विद्यार्थी त्यांपैकीच एक. मुलचेऱ्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे; पण प्रवेशाच्या अर्जावर त्याला अनुसूचित जातीच्या रकान्यात खूण करता येत नाही. १९७३ ची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. या बाबतीत आपल्या चळवळीने काय केले, हेही एकदा स्वतःला विचारले पाहिजे.

आज आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून सूरजागडचे लोहखनिज घेऊन ट्रक जातात. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहिला आहे. या भागातला सर्वांत मोठा मालक प्रथमच दारात आला आहे आणि तो खाजगी आहे. स्थानिकांना रोजगार, स्थानिकांना प्रशिक्षण, हे शब्द प्रत्येक सभेत ऐकू येतात. पण जोडारी किंवा संधाता म्हणून किती जण कायम होणार, त्यांत कोणत्या जातीजमातीचे किती असणार, हे मालकाला विचारण्याचा अधिकार शिकाऊ उमेदवार कायदा आजही कोणाला देत नाही.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत ६ महिने. हे पैसे सरकार देते आणि काम आस्थापनेचे होते. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर आले, तेव्हा ती ११ महिन्यांवर नेण्यात आली. १९६१ च्या कायद्यातला शिकाऊ कामगार नव्हता, हाही नाही.

माझ्या विद्यार्थ्याने परवा हिशोब करून दाखवला, की जोडारी म्हणून त्याला ८,००० मिळतील, पण बी.ए. पूर्ण केले तर १०,०००. म्हणून तो तीन वर्षे थांबणार आहे. तोवर योजना असेल का, असे त्याने मला विचारले.