एसीचा गॅस ‘संपत’ नाही, मग काशीदमध्ये तो पुन्हा पुन्हा का भरावा लागतो?

अलिबागहून मुरुडकडे निघालं, रेवदंड्याचा पूल ओलांडला की पुढे काशीद लागतं. पांढरी वाळू, सुरूची झाडं आणि रस्त्यालगत होमस्टेच्या पाट्या. बहुतेक पाट्यांवर ‘एसी रूम उपलब्ध’ लिहिलेलं असतं. पण समुद्राजवळच्या अशा एसीची एक तक्रार ठरलेली आहे. मागच्या सीझनला गॅस भरला होता, यंदा परत कूलिंग नाही. मेकॅनिक येतो, गॅस भरतो, पैसे घेतो, जातो.

इथेच पहिला गैरसमज आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरला जात नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल फिरत राहतो. कमी झाला, म्हणजे कुठून तरी गळतोय. आणि किनाऱ्यावर ही गळती बऱ्याचदा बाहेरच्या युनिटमधल्या जाळीदार कॉइलपासून सुरू होते.

कॉइल म्हणजे नक्की काय?

तांत्रिक भाषेत त्याला हीट एक्स्चेंजर म्हणतात. नाव जड आहे, वस्तू मात्र घरातली आहे. पाणी तापवायचा तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आग आणि पाणी एकमेकांना कधीच भेटत नाहीत, तरी उष्णता मधल्या पत्र्यातून पलीकडे जाते. हीट एक्स्चेंजरचं काम एवढंच. गाडीचा रेडिएटर हा त्याच कुळातला.

एसीत असे दोन असतात. खोलीतली कॉइल हवेतली उष्णता गॅसला देते, बाहेरची कॉइल ती उष्णता बाहेर टाकते. बाहेरच्या कॉइलमध्ये साधारणपणे तांब्याच्या नळ्या असतात आणि त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, घट्ट बसवलेल्या असतात. पट्ट्यांमुळे हवेला लागणारा पृष्ठभाग कित्येक पटींनी वाढतो.

खारी हवा नेमकं काय करते?

लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब हवेत उडतात. वारा ते जमिनीकडे आणतो. मोठे थेंब किनाऱ्याजवळच पडतात, म्हणून पहिल्या काहीशे मीटरमधली घरं सगळ्यात जास्त मार खातात. मधली झाडं यातलं बरंच मीठ अडवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरू, नारळ, पोफळीची असंख्य झाडं पडली. जिथे ही आडोशाची झाडं गेली, तिथे मागच्या घरांची ढालही गेली.

मीठ कॉइलवर बसलं की ते कोरडं राहत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तोच प्रकार. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याला ३३ टक्केही पुरतात. म्हणजे काशीदसारख्या ठिकाणी कॉइलवर जवळपास कायम खारट ओलावा असतो.

आता तांबं, ॲल्युमिनियम आणि मध्ये खारं पाणी. ही झाली छोटीशी बॅटरी. तिच्यात ॲल्युमिनियम झिजतं. पट्ट्यांवर पांढरी भुकटी दिसते, मग बोट लावलं तरी त्या चुरतात. उष्णता बाहेर पडेना, की गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो, बिल चढतं. दुसरीकडे लोखंडी स्टँड आणि स्क्रू गंजून युनिट थरथरायला लागतं, नळ्या एकमेकींवर किंवा पत्र्यावर घासतात आणि जोडापाशी बारीक भोक पडतं.

मग पावसाळा सगळ्यात वाईट का?

तसं वाटतं खरं, पण जोराचा पाऊस उघड्या कॉइलवरचं मीठ धुऊनही नेतो. धोका जास्त असतो तो ऑक्टोबर ते मे. वारा मीठ आणतो, धुणारं कोणी नाही. म्हणूनच पत्र्याच्या छपराखाली किंवा प्लास्टिक गुंडाळून ‘जपलेलं’ युनिट कित्येकदा आधी सडतं. आठवडाभर बंद आणि फक्त शनिवार-रविवार चालणारी खोली यातून सुटत नाही. एसी बंद असला तरी मीठ बसतच असतं.

तपासायचं कसं?

मेन स्विच बंद करून टॉर्च घ्या आणि युनिटच्या मागची व बाजूची जाळी बघा. पांढरी भुकटी, चुरलेल्या पट्ट्या, वाकलेले भाग लगेच दिसतात. सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे तेलकट डाग. गॅससोबत कॉम्प्रेसरचं थोडं तेलही फिरतं, त्यामुळे गळतीपाशी ते चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. आतल्या कॉइलवर बर्फ धरत असेल, तर आधी फिल्टर साफ करून बघा. तरीही बर्फ येत असेल तर गॅस कमी असल्याची शंका रास्त आहे.

पुढचं काम मेकॅनिकचं. नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, साबणाच्या फेसाने भोक शोधायचं, ते बुजवायचं, व्हॅक्यूम पंपाने हवा काढायची आणि मगच गॅस वजन करून भरायचा. भोक न शोधता नुसता गॅस भरणं ही दुरुस्ती नव्हे. नव्या एसीत सर्रास असणारा आर-३२ गॅस काही प्रमाणात ज्वलनशील आहे, त्यामुळे तो पूर्ण काढल्याशिवाय नळीला आगीची टॉर्च लावू द्यायची नाही. दाब तपासायला नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कोणी आणला तर काम तिथेच थांबवा. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं तर स्फोट होऊ शकतो.

रोजची काळजी काय?

गोडं पाणी. किनाऱ्यावर दर आठ-पंधरा दिवसांनी, वीज बंद करून, बागेच्या पाइपने हलक्या धारेत बाहेरची कॉइल धुवावी. वायरिंगच्या बाजूला पाणी मारू नये. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप नको, त्याने पट्ट्या मुडपतात. ॲसिडही नको. जर्मनच्या पातेल्यात आंबट ठेवलं की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ होतात. ते पाणी कॉइलवर मारणं म्हणजे हाताने मीठ लावणं.

समुद्राच्या पाण्याशी हीच झुंज मोठ्या कारखान्यांतही चालते. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर अणुवीज केंद्रात टर्बाइनमधून आलेली वाफ अरबी समुद्राच्या पाण्याने थंड केली जाते. समुद्रकाठच्या अशा केंद्रांमध्ये नळ्यांसाठी टायटॅनियमसारखे महागडे धातू वापरतात आणि आत शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून पाण्यात क्लोरीन सोडतात. घरच्या एसीला टायटॅनियम परवडत नाही.

नवा एसी घेताना मात्र लेप दिलेल्या निळ्या किंवा सोनेरी फिन्सची कॉइल मागता येते. नुसत्या रंगावर जाऊ नका, खाऱ्या हवेतल्या गंजाला वॉरंटी लागू आहे का ते लेखी विचारा. लेप झीज लांबवतो, थांबवत नाही. युनिट समुद्राच्या थेट तोंडावर न लावता घराच्या मागच्या अंगाला लावलं, आणि तिथे पाण्याचा पाइप पोहोचत असला, तर निम्मं काम बसवतानाच होतं.