फणेरपेटीपासून ड्रॉवरपर्यंत

फणेरपेटी म्हणजे फणी, आरसा, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि काजळाची डबी एकत्र ठेवण्याची लाकडी पेटी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत साजशृंगाराचे सगळे सामान या एका पेटीत मावत असे. झाकणाच्या आतल्या अंगाला आरसा बसवलेला असे. झाकण उघडून मागे टेकवले की आरसा तिरका उभा राही आणि पेटीपुढे मांडी घालून बसलेल्या बाईच्या चेहऱ्यासमोर येई. खालच्या भागात लहानमोठे कप्पे असत. पेटीची ही सगळी मापे जमिनीवर बसण्याच्या सवयीतून आलेली आहेत. उंच टेबलावर ठेवली तर तिचा आरसा उपयोगी पडत नाही. पुढे पेटीची जागा ड्रॉवरने घेतली, तेव्हा सामान बदलले होतेच, त्याबरोबर घरात बसण्याउठण्याची रीतही बदललेली होती.

प्रसाधनाचे सामान वेगळे राखून ठेवण्याची पद्धत पेटीपेक्षा कितीतरी जुनी आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात एक राजस्त्री हातातल्या आरशात पाहते आहे आणि शेजारची दासी प्रसाधनाचे तबक घेऊन उभी आहे. त्याच्याही आधीच्या कामसूत्रात नागरकाच्या, म्हणजे हौशी शहरी पुरुषाच्या, खोलीचे वर्णन येते. त्याच्या शय्येजवळ उटी, फुलांच्या माळा आणि तांबूल यांच्याबरोबर मेणाचा करंडकही ठेवलेला असतो. ते मेण ओठांच्या प्रसाधनासाठी होते. प्रसाधनाचा करंडा ही केवळ बायकांची वस्तू नव्हती, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रातल्या उत्खननांनीही या इतिहासात भर घातली आहे. १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेई येथे एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. मध्ये दागिन्यांनी मढलेली स्त्री आणि दोन्ही बाजूंना प्रसाधनाचे सामान घेतलेल्या छोट्या दासी, अशी तिची रचना आहे. ती आरशाची मूठ असावी असे प्रथम मानले गेले. आता ती एखाद्या आसनाचा किंवा चौरंगाचा भाग असावी, असे मत अधिक प्रचलित आहे. तिच्या जवळच्या वळणाच्या हस्तिदंती मूर्ती धाराशिव जिल्ह्यातल्या तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदन येथे मिळाल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेल्या काशाच्या वस्तूंमध्ये पोसायडन या समुद्रदेवतेची प्रसिद्ध मूर्ती आहे आणि तिच्या सोबतीला धातूचा आरसाही आहे. सातवाहनकाळात दख्खन आणि रोमन जग यांच्यात व्यापार चालत होता. त्या व्यापाराच्या वाटेवर शृंगाराचे सामानही होते.

फणेरपेटीतली मुख्य वस्तू मात्र कुंकू. पेटीची रचना आणि निगा या दोन्ही गोष्टी कुंकवाच्या स्वभावावरून ठरल्या. अस्सल कुंकू हळदीपासून होते. हळकुंडे किंवा हळदीची पूड लिंबाचा रस आणि टाकणखार यांत मुरवतात, काही ठिकाणी चुना किंवा तुरटी वापरतात. हळदीतला कर्क्युमिन हा पिवळ्या रंगाचा घटक अल्कलीच्या संपर्कात तांबडा होतो. टाकणखारातला बोरॉन आणि आम्ल यांच्या संयोगाने तर गडद लाल रंग तयार होतो. सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवाच्या उत्पादनासाठी ओळखले जाते. त्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात कुंकू आणि बुक्का यांचा बाजार वारीवर पोसलेला आहे. शेंदूर ही वेगळी वस्तू आहे. तो शिसे किंवा पारा यांच्या संयुगापासून होतो आणि महाराष्ट्रात तो मारुती, गणपती अशा देवतांना चढवतात. कुंकवाच्या जागी तो कपाळावर रोज लावणे आरोग्याला घातक आहे. हा फरक जुन्या घरांत पाळला जाई, पुढे स्वस्त रंगीत भुकट्यांच्या बाजारात तो पुसट झाला.

कर्क्युमिन उजेडात फिका पडतो आणि ओल लागली की हळदीच्या पुडीच्या गुठळ्या होतात. म्हणून कुंकवाला घट्ट झाकणाचा, उजेड आत न येणारा करंडा हवा. लाकडाचा, पितळेचा किंवा चांदीचा करंडा या दोन्ही गरजा भागवतो. करंड्यात ओले बोट घालायचे नाही, कुंकू लागेल तेवढेच भरायचे आणि पुन्हा भरण्याआधी करंडा कोरडा पुसायचा, अशी शिस्त होती. ती पोथीत लिहिलेली नव्हती, सासूकडून सुनेकडे हातांनीच जात होती.

कोरडी पूड कपाळावर टिकत नाही, म्हणून खाली मेण. मधमाशीच्या पोळ्यातले मेण गाळून एका लहान डबीत ठेवत. बोटाने थोडे मेण घेऊन कपाळावर गोल चोळायचे आणि त्यावर कुंकू टेकवायचे. मेण नसलेल्या जागी कुंकू बसत नाही, त्यामुळे कडा नेटकी येते. ठसठशीत गोल कुंकू असो की आडवी चिरी, दोन्हींची घडण मेणाच्या त्या पहिल्या बोटावर अवलंबून असे. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे उन्हाळ्यातही डबीत त्याचे पाणी होत नाही आणि तेलातुपासारखे ते खवटही होत नाही. पेटीतली सर्वांत कमी निगा मागणारी वस्तू तीच.

काजळाचे तसे नव्हते. एरंडेल तेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचे वा पितळेचे भांडे उपडे धरून काजळी जमवायची आणि ती तुपात किंवा लोण्यात खलून डबीत भरायची, याला काजळ धरणे म्हणत. स्निग्ध पदार्थ जुना झाला की वास येतो, म्हणून काजळ थोडे आणि पुन्हा पुन्हा धरले जाई. फणी दोन्ही बाजूंनी दात्यांची असे. तिचे बारीक दाते उवा-लिखा काढण्यासाठी, आणि त्यातला मळ काढण्यासाठी दात्यांतून ताणलेला दोरा फिरवत. फण्या लाकडाच्या, शिंगाच्या आणि श्रीमंतांच्या घरी हस्तिदंताच्या असत. नंतर सेल्युलॉइड आणि त्यामागून प्लॅस्टिक आले.

पेटी खाजगी, पण तिच्यातल्या काही वस्तूंची घराबाहेर वापरायची रूपेही होती. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर हळद आणि कुंकू यांचे दोन कप्पे असलेली आंब्याच्या आकाराची कोयरी फिरे. पूजेत पंचपाळे असे, त्यात हळद, कुंकू, गुलाल, बुक्का अशा वस्तू वेगवेगळ्या वाट्यांत राहत. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर जमवलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंमध्ये करंडे आहेत, फण्या आहेत आणि पाय घासण्याच्या वज्रीही आहेत. आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी हे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले आणि तो संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. राजवाड्यांतल्या शस्त्रांइतकेच लक्ष घरातल्या करंड्याकडे देणारा संग्राहक मिळाला, हे मराठी समाजाचे भाग्य आहे. या वस्तूंचा लेखी इतिहास फार थोडा आहे, वस्तू हाच मुख्य पुरावा.

फणी-करंडा हे सौभाग्याचे चिन्ह होते. हरतालिकेच्या पूजेत तो मांडतात, देवीची ओटी भरताना खण-नारळाबरोबर ठेवतात. या प्रतिष्ठेची दुसरी बाजू क्रूर होती. नवरा वारला की बाईचे कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात आणि पेटीवरचा तिचा हक्क त्याच दिवशी संपे. ब्राह्मण आणि इतर काही जातींत केशवपनाची सक्ती होती, तिथे फणीलाही काही काम उरत नसे. कोणत्या वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवायच्या यापेक्षा पेटी कोणी उघडायची, हा नियम कितीतरी कडक होता. शेकडो वर्षे तो बायकांच्याच हातांनी राबवला गेला, ही त्यातली सर्वांत दुःखाची गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. एकविसाव्या शतकातही असा ठराव करावा लागला, यावरून या चालीची मुळे किती खोल गेली होती ते कळते.

पेटीच्या जागी खण, म्हणजे ड्रॉवर, येण्यामागे दोन वाटा आहेत. एक गोव्याची. सतराव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात अनेक छोटे खण असलेली कपाटे बनत. कोंतादोर या नावाने ओळखली जाणारी ही कपाटे शिसवी लाकडाची आणि त्यांवर जडावकाम केलेली असत. ती मुख्यतः श्रीमंतांच्या दिवाणखान्यांसाठी आणि चर्चसाठी होती, पण खेचून उघडायचा खण या किनाऱ्यावरच्या कारागिरांच्या हाताला तेव्हापासून सवयीचा झाला. दुसरी वाट आरशाची. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लिबिग या जर्मन रसायनज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रीत शोधली. पुढे तिच्या आधाराने मोठे, स्वच्छ आरसे स्वस्त होत गेले. आरसा मोठा झाला तसा तो पेटीच्या झाकणात मावेना. तो भिंतीवर गेला, मग ड्रेसिंग टेबलावर, आणि खाली खण आले. गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बनवायला सुरुवात केली. पुढच्या दशकांत दारावर आरसा असलेले असे कपाट मध्यमवर्गीय घरांत नव्या जोडप्याच्या संसाराचा भाग बनले.

सामानही बदलत होते. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचा अफगाण स्नो १९१९ पासून विकला जाऊ लागला. स्नो आणि पावडर यांनी पेटीत प्रथमच बाजारात बनलेल्या, कंपनीचे नाव छापलेल्या बाटल्या आणि डबे आणले. पावडरचा उंच डबा पेटीत उभा राहत नव्हता, तो फळीवर गेला. १९५२ मध्ये टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे सुरू केली. पुढे सिमोन टाटा यांनी तिची धुरा वाहिली आणि लिपस्टिक, नेलपॉलिश, फाउंडेशन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले. कपाळावर मेण-कुंकवाऐवजी आधी बाटलीतले ओले गंध आणि नंतर मागे चिकटद्रव्य असलेली टिकली आली. टिकलीची पाकिटे चपटी, कुठेही सरकवता येणारी. त्यांच्यामुळे मेणाची डबी आणि करंडा दोन्ही रोजच्या वापरातून गेले, आणि उरले ते देवघरात.

कायद्यानेही या वस्तूंची दखल उशिरा घेतली. १९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक वापरलेल्या प्रसाधनांना त्याखालच्या नियमांनी बंदी आहे. २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आता स्वतंत्र आहेत आणि वेष्टनावर वापराची अंतिम तारीख हवी असा त्यांचा दंडक आहे.

आजच्या ड्रॉवरची निगा या तारखेभोवती फिरते. फणेरपेटीत चार-पाच वस्तू होत्या आणि त्यांतली एकच, काजळ, लवकर बिघडे. ड्रॉवरमध्ये पाण्याचा अंश असलेली क्रीमे आणि द्रव प्रसाधने असतात. उघडल्यावर त्यांत जंतू वाढू शकतात. मस्कारा साधारण तीन महिन्यांत टाकावा असा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला असतो, कारण त्याचा ब्रश प्रत्येक वेळी पापणीला लागून पुन्हा नळीत जातो. कोरडी पावडर आणि लिपस्टिक जास्त टिकतात. म्हणून डोळ्यांचे सामान वेगळ्या कप्प्यात, उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून, आणि सगळा खण न्हाणीघराच्या वाफेपासून व उन्हापासून दूर ठेवतात. ब्रश धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवत नाहीत. खण रिकामा करून कोरड्या फडक्याने पुसतात आणि मुदत संपलेल्या वस्तू त्याच वेळी काढून टाकतात.