वाशीमच्या दवाखान्यातला नाताळ

आमच्या घरात नाताळ आला तो वाशीमच्या मिशन दवाखान्यातून. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1998 साली. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी 1938 मध्ये तिथं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं आणि पुढं जवळजवळ चार दशकं त्या वऱ्हाडातच राहिल्या.

1952 च्या डिसेंबरात आजी तिथं पोचली ती बैलांच्या रेंगीत निजून. कापसाची वेचणी ऐन भरात, बाळ आडवं आलेलं, गावच्या दाईनं हात टेकलेले. दवाखान्यात बाळ जगलं, आजीही वाचली. ते बाळ म्हणजे माझे वडील. पण तिच्याजवळ थांबायला घरचं कुणी नव्हतं. ती पडल्या पडल्या रडायची.

‘काहून रडतं वं माय? दोघंबी जगले न!’ म्हणत एक नर्सबाई खाटेशी बसली. ही बाई अकोल्याची. 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला जुनी माणसं छप्पन्या म्हणत, तिचे आजोबा पोरके झाले आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. बोली माझ्या आजीचीच, आणि तिच्यासारखंच कासोट्याचं लुगडं नेसणारी आजी या बाईच्याही घरात होऊन गेलेली. आजीचा जीव तिथंच भांड्यात पडला.

नाताळच्या आदल्या रात्री नर्सबाया कंदील घेऊन वॉर्डात आल्या. पेटी होती, झांज होती आणि चाल भजनाची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग-ओवी सोडली नाही. ती ख्रिस्ती देवळात नेली. म्हणून तर गाडगेबाबांच्या कीर्तनात रात्र जागवलेल्या आजीला ते गाणं परकं वाटलं नाही. शब्द येत नव्हते, तिनं टाळीचा ठेका धरला. शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान बाळंतिणीनंही धरला. मग ताटल्या आल्या. त्यात करंजी होती. खोबऱ्या-खसखशीचं सारण, कडेला कातणं न फिरवता बोटांनी घातलेली बारीक मुरड. ‘माह्या मायसारखी मुरड होती,’ असं आजी शेवटपर्यंत सांगायची. त्या दिवाळीत तिचं माहेर चुकलं होतं. ते असं दोनेक महिन्यांनी भेटलं.

पुढं वडील नोकरीला अकोल्यात आले. आजीनं त्या नर्सबाईंचं घर हुडकून काढलं. तेव्हापासून दिवाळीला आमचं फराळाचं ताट तिकडं जाई आणि नाताळाला तिकडचं भरून येई: शंकरपाळे, चिवडा, अनारसे आणि वर एक केकचा तुकडा. आम्हा पोरांना वर्षातून दोन दिवाळ्या मिळाल्या. दोघी म्हाताऱ्या ओट्यावर बसून छप्पन्याच्या गोष्टी सांगायच्या, आणि कोणाची गोष्ट कुठं संपते ते आम्हाला कळायचं नाही.

एका घराला एवढं पुरलं. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत असा एखादा दवाखाना, अशी एखादी नर्सबाई आठवणीत असेल. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून घ्या, लिहून ठेवा. आणि 25 डिसेंबरला शेजारी नाताळ असेल तर बोलावण्याची वाट पाहू नका. सणाला शेजाऱ्याच्या घरी जाणं ही आपल्या वऱ्हाडाची जुनी रीत आहे. ती आपणच चालवली तर चालेल.