मावळता सूर्य आणि माणसाचा चेहरा

छायाचित्रणाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते भिंग केव्हा निघाले, कोणती काच कोणी तयार केली, एवढ्यावर तो संपतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा प्रश्न थोडा निराळा आहे. उजेड कोणाच्या तोंडावर पडला आणि अंधारात कोण राहिले, हे आम्हांस पाहावयाचे आहे. मावळतीच्या वेळी काढलेले छायाचित्र हा त्याचा चांगला दाखला होय.

मावळत्या सूर्याकडे पाठ करून माणूस उभा केला, म्हणजे आकाश सुरेख येते आणि माणूस काळाठिक्कर पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डोळा आकाशावरून चेहऱ्याकडे वळताना स्वतःला सावरून घेतो. कॅमेऱ्यातली काच किंवा फिल्म एका क्षणी एकच माप धरते. सूर्याच्या बेताने उजेड घेतला तर चेहरा जातो, चेहऱ्याच्या बेताने घेतला तर आकाश पांढरेफटक होते. कोणाला राखावयाचे हे फोटो काढणाऱ्यालाच ठरवावे लागते.

ही गोष्ट आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, सहज पडताळता येते. वेरूळची लेणी डोंगराच्या पश्चिम अंगात कोरलेली आहेत. दिवस कलला की ऊन त्यांच्या दर्शनी भागावर येते. लेण्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचा फोटो अंगणातून काढा. चेहरा उजळ येईल. त्याच माणसाचा फोटो लेण्यात जाऊन बाहेरच्या दिशेने काढा. दारात नुसती सावली उभी दिसेल. माणूस तोच, सूर्यही तोच. जागा तेवढी बदलली.

या भागातील लेण्यांची छायाचित्रे आरंभी ज्यांनी काढली त्यांत मेजर रॉबर्ट गिल हा प्रमुख होय. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ च्या सुमारास अजिंठ्याची भित्तिचित्रे उतरवून घेण्याच्या कामावर नेमला गेला. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला, आणि त्याची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाली. ते युग ओल्या काचेचे. १८५१ साली निघालेल्या या रीतीत काचेवर लेप देऊन, तो ओला आहे तोवरच फोटो काढून धुवावा लागे. म्हणून काचा, रसायने, पाणी आणि अंधारी राहुटी, सारे बरोबर वाहून न्यावे लागे. हे ओझे वाहणाऱ्यांची नावे ग्रंथाच्या मुखपृष्ठावर येत नसत.

त्या काचेला निळा उजेड कळे, तांबडा जवळजवळ कळत नसे. मावळतीचे किरण हवेच्या जाड थरातून येतात. निळा भाग वाटेत विखुरतो आणि तांबडा उरतो. आपल्याला जी वेळ सोन्याची वाटते ती त्या काचेला अंधुक होती. १८७३ साली हेरमान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने लेपात रंगद्रव्य मिसळून काचेची दृष्टी वाढविण्याचा मार्ग दाखविला. तरी सर्व रंग ओळखणारी काच बाजारात येण्यास विसावे शतक उजाडले.

मग चांगला चेहरा कोणाचा येई? ज्याला भर दिवसा सवड असे त्याचा. स्टुडिओत काचेच्या छपरातून किंवा उत्तरेच्या खिडकीतून येणारा सौम्य उजेड पडदे सारून बेताचा करीत. हे शहर ज्या निजामी राज्यात १९४८ पर्यंत होते, त्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला आणि तो एका बाईंकडे सोपविला. त्या बंद दारांआड उजेड पोचला, ही लहान गोष्ट नव्हे. पण तिथेही वेळ आणि पैसा लागेच.

कामगाराला संध्याकाळच मिळते. चिकलठाणा किंवा वाळूजच्या कारखान्यातली दिवसपाळी सुटल्यावर फाटकापुढे द्वारसभा भरते, तेव्हा दिवस कललेला असतो. मागे लाल सूर्य, वर मूठ आणि मधे काळी आकृती, असे चित्र भित्तिपत्रकावर उठून दिसते. परंतु ती आकृती कोणाचीही असू शकते. सोबती वारल्यावर घरची माणसे संघटनेच्या दप्तरात त्याचा फोटो शोधू लागतात, तेव्हा ती मूठ त्यांच्या काय कामाची? त्यांना त्याचे डोळे हवे असतात.

आताचे फोन एका पाठोपाठ कमीअधिक उजेडाचे फोटो घेऊन त्यांचा मेळ घालतात, त्यामुळे काम सोपे झाले आहे. पण यंत्रावर सारा भार टाकू नये. सभेला आलेल्यांचे तोंड पश्चिमेकडे करावे. जागा बदलता येत नसेल तर पांढरे धोतर किंवा चादर समोर धरून उजेड चेहऱ्यावर परतवावा. चार पावले जवळ जाऊन फोनच्या काचेवर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवावे आणि चेहऱ्यापुरता उजेड घ्यावा. अंधार अधिक असेल तर झोतदिवा लावावा. आकाश फिके पडले तर पडू द्यावे. सूर्य उद्याही त्याच बाजूला मावळणार आहे. मग फोटोच्या मागे तारीख, जागा आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहून ठेवावे.