त्वचेचा कर्करोग : विरळा, म्हणूनच दुर्लक्षित

देशात कोणत्या अवयवाचा कर्करोग किती प्रमाणात आढळतो, याची मोजदाद बंगळुरूमध्ये होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा लोकसंख्येवर आधारित नोंदणीसाठी मुंबई व चेन्नईसह बंगळुरूची निवड झाली. शहराची नोंदणी किदवई स्मारक कर्करोग संस्थेत होते, तर देशभरच्या नोंदींचे संकलन परिषदेचे बंगळुरू येथील राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन केंद्र करते. भारतात त्वचेचा कर्करोग विरळा आहे, हे या नोंदींतून सातत्याने दिसून आले आहे. परंतु विरळा असल्यामुळेच त्याची शंका लवकर येत नाही आणि अनेक रुग्ण उशिरा उपचारासाठी पोहोचतात.

प्रकार आणि कारणे

या रोगाचे मुख्य प्रकार तीन आहेत. बेसल पेशींचा कर्करोग सावकाश वाढतो व क्वचितच शरीरात पसरतो. स्क्वॅमस पेशींचा कर्करोग लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींमध्ये उद्भवणारा मेलॅनोमा सर्वाधिक घातक मानला जातो.

सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे गोऱ्या वर्णाच्या लोकांमध्ये या रोगाचे प्रमुख कारण आहे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या किरणांपासून बरेच संरक्षण देते. मात्र आपल्याकडे हा रोग अनेकदा ऊन न लागणाऱ्या जागी उद्भवतो. मेलॅनोमा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली आढळतो. जुन्या भाजल्याच्या व्रणांवर आणि वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमांवर स्क्वॅमस पेशींचा कर्करोग होऊ शकतो. काश्मीरमध्ये उबेसाठी अंगाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग याच प्रकारचा आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासह धोतराच्या घट्ट गाठीमुळे कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशाच दोन वृद्ध महिलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक महिला चाळीस वर्षे लुगडे कमरेला घट्ट नेसत होती. दोघींच्याही कमरेवर न भरणारा व्रण होता. एकीचा रोग जांघेतील ग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

प्रतिबंध

परकराची नाडी सैल बांधणे, ती बांधण्याची जागा बदलत राहणे आणि कमरेवरील चट्ट्यावर वेळीच उपचार घेणे, हे उपाय खर्चाविना करता येतात. भाजल्याची जखम पूर्ण भरेपर्यंत उपचार सोडू नयेत.

कोड असलेल्या व जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींनी, तसेच दिवसभर उन्हात काम करणाऱ्यांनी टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे व सनस्क्रीन यांचा वापर करावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळुरूची हवा आल्हाददायक असते. परंतु अतिनील किरणांची तीव्रता तापमानावर ठरत नाही, ती उंचीबरोबर वाढते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यातील नंबूर येथे १९९२ पासून १,६२१ व्यक्तींवर अभ्यास झाला. सनस्क्रीनच्या नियमित वापराने स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे त्यात दिसून आले.

निदान

त्वचारोगतज्ज्ञ डर्माटोस्कोप या छोट्या उपकरणाने डाग सुमारे दहापट मोठा करून पाहतात. त्यामुळे साधा तीळ आणि संशयास्पद डाग यांतील फरक ओळखणे सोपे झाले आहे. अंतिम निदान मात्र बायोप्सीनेच होते. मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेला आहे, हे मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडली. पुढील उपचार ठरवताना आजही ती वापरली जाते. पातळ असतानाच काढलेला मेलॅनोमा बहुधा पूर्ण बरा होतो.

उपचार

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे. चेहऱ्यासारख्या नाजूक भागी मोह्‌ज पद्धतीने एकेक थर काढून तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. त्यामुळे निरोगी त्वचा अधिकाधिक वाचते.

पसरलेल्या मेलॅनोमाचे रुग्ण पूर्वी बहुधा वर्षभरही जगत नसत. शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील अटकाव दूर करणारे इपिलिमुमॅब हे औषध २०११ मध्ये, तर पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. या उपचारामागील मूलभूत संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इपिलिमुमॅब व निवोलुमॅब एकत्रित दिलेल्या रुग्णांपैकी ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. मात्र ही औषधे महाग आहेत. त्यामुळे सर्वसामान्य कुटुंबासाठी लवकर निदान हाच खात्रीचा आणि स्वस्त मार्ग ठरतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

तिळाचा आकार, कडा किंवा रंग बदलणे, तळपायावर नवा काळा डाग दिसणे, नखाखालची काळी रेघ रुंदावत जाणे आणि महिनाभरात न भरणारा व्रण ही धोक्याची लक्षणे आहेत. महिन्यातून एकदा तळपाय, नखे, कंबर आणि जुने व्रण न्याहाळावेत. डाग दुखत नाही, म्हणून तो निर्धोक आहे, असे समजू नये.